शेंगदाण्याआड दडलेला कार्व्हर

१९२१ सालच्या जानेवारी महिन्यात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीसमोर एक वेगळाच साक्षीदार उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, जुनाट कोट घातलेला, बारीक आवाजाचा हा कृष्णवर्णीय प्राध्यापक परदेशी शेंगदाण्यावर आयातकर का हवा, हे सांगायला आला होता. त्याला दहा मिनिटे देण्यात आली होती. सुरुवातीला सदस्यांपैकी काहींनी कुचेष्टेचे शेरेही मारले. पण पेटीतून एकेक बाटली, एकेक डबी बाहेर निघू लागली. शेंगदाण्याचे दूध, शेंगदाण्याचे पीठ, मिठाई, रंग असे नमुने पाहता पाहता समितीला वेळेचे भान राहिले नाही. दहा मिनिटांची साक्ष जवळजवळ तासभर चालली. पुढच्याच वर्षी झालेल्या जकात कायद्यात शेंगदाण्याला संरक्षण मिळाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर मराठी घरांतील दोन-तीन पिढ्या हे चरित्र वाचत मोठ्या झाल्या. मात्र जगभर कार्व्हर यांची जी प्रतिमा रुजली, ती शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू बनविणाऱ्या जादूगाराची. त्या साक्षीने मिळवून दिलेल्या कीर्तीमागे त्यांच्या आयुष्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. ही गोष्ट शेंगदाण्याची नसून शाळेची आहे.

कार्व्हर यांचा जन्म मिसुरी राज्यातील डायमंड या खेड्याजवळच्या शेतवाडीवर १८६४च्या सुमारास झाला. नेमकी तारीख ठाऊक नाही. गुलामांच्या मुलांची जन्मनोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटत नसे. आई मेरी हिला मोझेस कार्व्हर या जर्मन वंशाच्या शेतकऱ्याने १८५५ मध्ये सातशे डॉलरना विकत घेतले होते. वडील शेजारच्या मळ्यावरचे गुलाम. ते मुलाच्या जन्माच्या आसपास अपघातात गेले, असे सांगितले जाते. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी मेरीला तान्ह्या जॉर्जसह पळवून नेले. मोझेसने शोधाला धाडलेला माणूस एकटे मूल घेऊन परतला. त्याच्या मोबदल्यात मोझेसला एक शर्यतीचा घोडा द्यावा लागला. आईचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही.

ज्या मिसुरीत जॉर्ज जन्मला, तेथे कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकविणे हा १८४७च्या कायद्याने गुन्हा होता. हा कायदा केवळ क्रूरपणापोटी झालेला नव्हता, त्यामागे हिशेब होता. जो वाचतो तो करार वाचील, नकाशा वाचील, स्वतःच्या श्रमाची किंमत मांडील. आणि जो लिहितो तो आपला शोध आपल्या नावावर नोंदवील. या शेवटच्या बाबतीत तर कायद्याने एक टोक गाठले होते. १८५७ मध्ये मिसिसिपीतील ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मालकाने कापसाच्या शेतात वापरायच्या एका अवजाराच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते अवजार त्याच्या नेड नावाच्या गुलामाने घडविले होते. पुढील वर्षी अमेरिकेच्या महाधिवक्त्याने निर्वाळा दिला, की गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही. गुलाम नागरिक नसल्याने शपथपत्र करू शकत नाही आणि मालक शोधकर्ता नसल्याने तोही पेटंट घेऊ शकत नाही. स्टुअर्टने पेटंटावाचून ते अवजार बनवून विकले. नेडला काय मिळाले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

१८६५च्या जानेवारीत मिसुरीतील गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्याची पत्नी सुझन यांनी जॉर्जला आणि त्याचा थोरला भाऊ जिम याला घरच्या मुलांप्रमाणे सांभाळले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसल्याने तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे आणि भरतकाम शिकला. उरलेला वेळ रानात जाई. आजूबाजूचे लोक आपली मरगळलेली झाडे त्याला दाखवू लागले. घरातले एक जुने शब्दलेखनाचे पुस्तक त्याने पाठ केले. परंतु जवळच्या शाळेत त्याला प्रवेश नव्हता, कारण ती गोऱ्या मुलांची होती. गुलामगिरी गेली, तरी दार बंदच राहिले होते.

नेमक्या त्याच काळात, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. मुक्तीनंतर विद्या मिळाली नाही तर मुक्ती अपुरी राहते, हे फुल्यांइतके स्पष्टपणे त्या काळात फार थोड्यांनी ओळखले होते. ज्या देशाला त्यांनी ग्रंथ अर्पण केला, त्याच देशात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा या गोष्टीचा अनुभव घेत होता.

१८७७च्या सुमारास जॉर्ज एकटाच काही मैलांवरील निओशो गावी गेला, कारण तेथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. मराया वॉटकिन्स या सुईणीने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. मोबदल्यात तो घरकाम आणि धुणे करी; मधल्या सुट्टीतही घरी येऊन कपडे धुवायला बसे. थोड्याच काळात त्याच्या लक्षात आले, की मास्तरांना येते तेवढे आपल्यालाही येते. मग तो पुढच्या गावाला निघाला. कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉटमध्ये १८७९च्या मार्चमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीयाला फासावर लटकावून जाळले, ते त्याने पाहिले. तेथून तो पळाला. पुढची कित्येक वर्षे तो गाव बदलत, लोकांचे कपडे धूत, स्वयंपाक करीत शिकत राहिला. कॅन्ससमधल्या मिनिॲपोलिस या गावी त्याचे माध्यमिक शिक्षण झाले. तेथे दुसरा एक जॉर्ज कार्व्हर राहत होता आणि पत्रांची अदलाबदल होई, म्हणून त्याने आपल्या नावात मधले एक अक्षर घातले.

१८८५ मध्ये हायलँड येथील महाविद्यालयाने त्याचा अर्ज पत्राने मंजूर केला. तो तेथे पोहोचला. त्याचा रंग पाहून त्याला परत पाठविण्यात आले. कागदावरच्या गुणांना जो प्रवेश मिळाला होता, तो चेहऱ्याला नाकारला गेला. या धक्क्यानंतर तो पश्चिम कॅन्ससमधील नेस परगण्यात सरकारी जमीन घेऊन राहिला. गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेपा रचून त्याने घर बांधले, मका पेरला, झाडे लावली. शेतीत फारसे हाती लागले नाही. त्याची शिक्षणाची आशा जवळजवळ मावळली होती. आयोवातील विंटरसेट गावी एका गोऱ्या दांपत्याने आग्रह धरला नसता, तर तो चांगला धोबी आणि हौशी चित्रकार म्हणून तेथेच राहिला असता. १८९० मध्ये तो सिम्पसन महाविद्यालयात दाखल झाला, तेही चित्रकलेसाठी.

त्याची चित्रे पाहून एट्टा बड या शिक्षिकेच्या लक्षात आले, की हा मुलगा वनस्पती नुसत्या रंगवीत नाही, त्यांना ओळखतो. त्यांचे वडील एम्स येथील आयोवा कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. चित्रकलेवर कृष्णवर्णीय माणसाचे पोट भरणार नाही, असे सांगून त्यांनी त्याला तिकडे धाडले. १८९१ मध्ये कार्व्हर त्या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी झाले. प्रारंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवता येत नसे. तळघरात नोकरांसोबत बसावे लागे. १८९४ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि तेथेच ते अध्यापन करू लागले. लुई पॅमेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बुरशींचा अभ्यास केला आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली.

कार्व्हर यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तिला प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला तिशी उलटावी लागली. एक सुईण, एक दांपत्य आणि एक चित्रकला शिक्षिका अशा तीन-चार योगायोगांच्या दोरीवरून तो सारा प्रवास झाला. यातला एक जरी धागा तुटला असता, तरी अमेरिकेला हा शास्त्रज्ञ मिळाला नसता. अशा किती दोऱ्या तुटल्या असतील, याची नोंद कोठेही नाही.

एम्समध्ये प्राध्यापकांपैकी एकाचा सहा-सात वर्षांचा मुलगा कार्व्हर यांच्याबरोबर रानात भटकत असे. कार्व्हर त्याला फुलांचे भाग, गवताच्या जाती दाखवीत. तो मुलगा हेन्री वॉलेस. पुढे त्याने मक्याच्या संकरित बियाण्यांची कंपनी काढली, तो अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला. एकाच रानातून निघालेल्या या दोन वाटा शेजारी ठेवल्या, की पुष्कळ काही उमजते.

कार्व्हर एम्समध्ये राहिले असते तर कवकशास्त्रातील मान्यवर संशोधक झाले असते. पण बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामात स्थापलेल्या टस्कीगी संस्थेने त्यांना बोलावले आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये ते तेथे रुजू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाच्या व्यवस्थेला कायदेशीर शिक्का दिला होता. वेगळे पण समान, हे त्या व्यवस्थेचे तत्त्व. ते समान किती होते, हे आकड्यांवरून कळते. १८८७च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यातील कृषी संशोधन केंद्रासाठी केंद्र सरकार वर्षाला पंधरा हजार डॉलर देई. अलाबामात हा निधी ऑबर्नच्या गोऱ्यांच्या महाविद्यालयाकडे जाई. टस्कीगीच्या केंद्राला राज्याने १८९७ मध्ये वर्षाला दीड हजार मंजूर केले. दहापट अंतर! प्रयोगशाळा म्हणावी असे काहीच नव्हते. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या, डबे, तारा गोळा करीत आणि त्यांची उपकरणे बनवीत.

त्यांच्या वाट्याला आलेली जमीन तितकीच थकलेली होती. पिढ्यान् पिढ्या त्याच शेतात कापूस घेतल्याने मातीतला कस निघून गेला होता. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन मातीत बांधतात, हे १८८०च्या दशकात जर्मनीत सिद्ध झाले होते. कार्व्हर यांनी त्या ज्ञानावर आपला कार्यक्रम उभा केला. कापसानंतर चवळी, भुईमूग, शिवाय रताळे, आणि विकतच्या खताऐवजी जंगलातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ, शेणखत. मराठी शेतकरी ज्याला बेवड म्हणतो, त्याची ही अमेरिकी आवृत्ती होती. नापीक जमिनीची सुपीकता वाढवावी कशी, यावर त्यांनी १९०५ मध्ये एक पत्रिका लिहिली. शेंगदाण्याच्या बाटल्यांपेक्षा तिची योग्यता अधिक आहे, असे म्हणावेसे वाटते.

अशा एकूण ४४ पत्रिका त्यांनी लिहिल्या. लेखन सोपे, वाक्ये छोटी. बऱ्याच पत्रिकांत शेतकऱ्यासाठी लागवड, शिक्षकासाठी वनस्पतीची माहिती आणि गृहिणीसाठी पाककृती असा मजकूर एकत्र असे. १९१६ची भुईमुगावरची प्रसिद्ध पत्रिका याच वळणाची आहे. तीत लागवडीबरोबर खाण्याचे १०५ प्रकार दिले आहेत. कापूस खाता येत नाही, भुईमूग आणि चवळी खाता येते, आणि निकृष्ट आहाराने पिचलेल्या कुटुंबांना प्रथिने मिळतात, असा साधा हिशेब त्यामागे होता. १९११ मध्ये त्यांनी परिसरातल्या रंगीत मातीपासून घराच्या भिंतींना द्यायचे रंग कसे करावेत, हे सांगितले. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या अंगणात काय आहे, एवढाच त्यांचा शोध असे.

पण पत्रिका वाचणार कोण? परगण्यातील असंख्य प्रौढांना अक्षरओळख नव्हती. शाळेत न आलेल्यांपर्यंत शाळेने जायचे ठरविले. १९०६ मध्ये मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाच्या देणगीतून एक खेचरगाडी तयार झाली. नांगर, बियाणे, दूध घुसळण्याची यंत्रे असे साहित्य भरलेली ही गाडी वस्त्यावस्त्यांवर जाई आणि शेताच्या बांधावर प्रात्यक्षिके होत. ती चालविणारे थॉमस कॅम्पबेल हे टस्कीगीचे विद्यार्थी त्याच वर्षी अमेरिकी सरकारचे पहिले कृष्णवर्णीय कृषी विस्तार अधिकारी झाले. शेतकऱ्याला वर्गात बसवता येत नसेल तर वर्ग चाकांवर घालावा, ही कल्पना कार्व्हर यांच्या नावावरच्या कोणत्याही पेटंटापेक्षा मोलाची ठरली.

आता प्रश्न उरतो तो लाभाचा. टस्कीगीच्या आसपासचे बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी वाटेकरी होते. जमीन मालकाची, बियाणे व धान्य उधारीवर दुकानदाराचे, आणि उधारीला तारण उभे पीक. मालकाला आणि दुकानदाराला कापूस हवा असे, कारण तो खाऊन संपत नाही आणि बाजारात हमखास विकला जातो. पीक बदलण्याचा निर्णय वाटेकऱ्याच्या हातात नव्हता. पालापाचोळा वाहून त्याने मातीचा कस वाढवला, तरी पुढच्या वर्षी ते शेत दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता असे. वाढलेला कस मालकाचा. कार्व्हर यांचे ज्ञान फुकट होते, सोपे होते आणि बरोबरही होते. परंतु ते वापरायला ज्या स्वातंत्र्याची गरज होती, ते शाळा देऊ शकत नव्हती. काही कुटुंबांनी परसात भाजीपाला लावला, डुकरे पाळली, थोडी थोडी जमीनही घेतली. वाटेकरी पद्धत मात्र हलली नाही.

दक्षिणेत भुईमूग पसरला तो मुख्यतः बाजाराच्या आणि किडीच्या रेट्याने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बोंड पोखरणारा सोंडकिडा अलाबामात पोहोचला, कापूस बुडाला आणि मोठ्या जमीनदारांनी भुईमूग धरला. पाठोपाठ तेलगिरण्या आणि प्रक्रिया उद्योग उभे राहिले. १९२१च्या त्या साक्षीला कार्व्हर यांना बोलावले, ते या उत्पादकांच्या संघटनेने. आयातकराचा फायदा झाला तोही प्रामुख्याने त्यांनाच. समितीसमोर टाळ्या घेणाऱ्या प्राध्यापकाच्या जातभाईंना १९०१च्या राज्यघटनेनंतर अलाबामात मतदानाचा हक्क जवळजवळ उरलेला नव्हता.

या विसंगतीविषयी कार्व्हर जाहीरपणे बोलले नाहीत. त्यांच्यावर तेव्हाही आणि नंतरही त्याबद्दल टीका झाली. कृष्णवर्णीयांना कारागिरी आणि शेतीचे शिक्षण द्यावे, की विद्यापीठीय विद्या, या वादात डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी टस्कीगीच्या मार्गाला कडाडून विरोध केला होता. कार्व्हर स्वतः चित्रकला, वनस्पतिशास्त्र आणि पदव्युत्तर पदवीच्या जोरावर मोठे झालेले; आणि त्यांची संस्था विद्यार्थ्यांना विटा पाडायला आणि गायी राखायला शिकवीत होती. या विरोधाची जाणीव त्यांना नसेल असे वाटत नाही. संस्थेतही त्यांचे दिवस सुखाचे नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्याचे हिशेब, अहवाल, समित्या यांत त्यांना गती नव्हती. वॉशिंग्टन यांच्याशी खटके उडत, राजीनाम्याच्या धमक्या दिल्या जात. १९१० मध्ये शेतीविभागाची सूत्रे काढून घेऊन त्यांच्याकडे संशोधन सोपविण्यात आले.

शेंगदाण्याच्या तीनशे आणि रताळ्याच्या शंभराहून अधिक वस्तूंची यादी याच काळातली. येथे भाबडेपणा टाळलेला बरा. त्यांतील पुष्कळ पदार्थ आधीपासून माहीत होते, अनेकांची कृती त्यांनी लिहून ठेवली नाही आणि व्यापारी यश फारसे कशालाच आले नाही. शेंगदाण्याचे लोणी हा तर त्यांचा शोधच नव्हे. कार्व्हर संशोधनाकडे वळण्याआधी, १८८४ मध्ये, कॅनडातील एका औषधविक्रेत्याने त्याचे पेटंट घेतले होते. कार्व्हर यांच्या नावावर फक्त तीन पेटंटे आहेत. १९२५ आणि १९२७ मधली ही पेटंटे सौंदर्यप्रसाधन आणि मातीचे रंग यांची. हे रंग बाजारात आणण्यासाठी काढलेली कंपनीही चालली नाही. गंमत अशी, की मातीचे रंग करण्याची रीत पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पत्रिकेतून गरिबांना फुकट सांगून टाकलेली होती.

तरीही वृत्तपत्रांना जादूगारच हवा होता. गोऱ्या वाचकांना तो आवडे, कारण तो काही मागत नसे. कृष्णवर्णीय वाचकांना तो आवडे, कारण वर्गात जिथे आपले नाव कधी येत नाही तिथे ते आले होते. खेड्यातील कृष्णवर्णीय शाळांच्या भिंतीवर त्यांचे छायाचित्र लागले. ज्या मुलांनी कधी आपल्या रंगाचा शास्त्रज्ञ पाहिला नव्हता, त्यांना निदान चित्रात तो दिसला. हा परिणाम तीनशे वस्तूंच्या यादीत मोजला जात नाही, पण तो खोटाही नाही.

१९१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना सदस्यत्व दिले, १९२३ मध्ये स्पिंगार्न पदक मिळाले. लग्न त्यांनी केले नाही. संस्थेच्या वसतिगृहात राहात, पहाटे उठून रानात जात, आणि कित्येकदा पगाराचे धनादेश वटवायचेही विसरत. अखेरच्या वर्षांत त्यांनी टस्कीगीत कृषी संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. आयुष्यभराची साठलेली सुमारे साठ हजार डॉलरची पुंजी त्यांनी त्याच्याकडे दिली. हेतू हा, की पुढच्या तरुणांना शिकायला आणि प्रयोग करायला कोणाच्या घरचे कपडे धुवावे लागू नयेत.

१९४३ सालच्या ५ जानेवारीला टस्कीगीत त्यांचे निधन झाले आणि संस्थेच्या आवारातच बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये मिसुरीतील त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तेथून जवळची जी शाळा त्यांना आत घेत नव्हती, तिच्यासारख्या शाळा मिसुरीत तेव्हाही गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगवेगळ्याच भरत होत्या. त्या एकत्र करण्याचा न्यायालयीन निकाल यायला आणखी अकरा वर्षे होती.